बोर्दोची 2010 ची बाटली आणि आपल्याकडचा मे महिना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रेड वाईनवर लेख आला होता. फ्रान्सच्या बोर्दोच्या चांगल्या वर्षाच्या बाटल्या घ्या, तळघरात नाहीतर घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात आडव्या करून ठेवा, दहा-पंधरा वर्षांनी त्यांचं सोनं होईल, असा एकूण सूर होता. लिहिणाऱ्याने मनापासून लिहिलंय यात शंका नाही, पण तो सल्ला आमच्या खान्देशात जसाच्या तसा वापरला तर बाटलीचं सोनं नाही, वाटोळं होतं. आणि हल्ली जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे बऱ्याच घरांत परदेशातून आलेल्या दोन-चार बाटल्या कपाटात पडलेल्या असतात म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण शक्यतो कापू नका.

माझं काम केळीच्या रायपनिंग चेंबरचं, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्यांच्या कूलिंगचं. वाईनची आवड मित्रांमुळे लागली. आमच्यातल्या काहींची मुलं-मुली बाहेर आहेत, परदेशातून येताना माणशी दोन लिटरच आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या आणि थोडी जागा शिल्लक, त्यामुळे आम्ही ठरवलं की जो कोणी येईल त्याने बोर्दोची रेडच आणायची आणि ती 2010 चीच आणायची, दुसरं वर्ष नको. अशा जमवत जमवत काही वर्षं गेली तेव्हा कुठे एका हिवाळ्यात त्या सगळ्या एकत्र उघडण्याएवढ्या झाल्या. एकाच वर्षाच्या पण वेगवेगळ्या शातोंच्या (शातो म्हणजे द्राक्षमळा असलेलं वाईन बनवणारं घराणं) वाईन शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या, याने जे कळतं ते एकेक बाटली सुटी पिऊन कधीच कळत नाही असं माझं ठाम मत आहे. कारण वर्ष एकच, पाऊस तोच, ऊन तेच, मग जो फरक लागतो तो जमिनीचा, द्राक्षाचा, बनवणाऱ्या हाताचा आणि शेवटी बाटली कुठे राहिली त्याचा.

वर्षाचं महत्त्व आहेच, ते नाकारत नाही. बाटलीवर जे वर्ष असतं ते द्राक्ष तोडणीचं, विक्रीचं नाही. बोर्दो अटलांटिक समुद्राच्या जवळ, पाऊस कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून तिथे वर्षावर्षात जमीन-अस्मानाचा फरक. 2013 ला वसंत थंड आणि ओला गेला, मर्लो जातीच्या द्राक्षाचा फुलोराच नीट धरला नाही, पुढे तोडणीच्या वेळी कूज लागली, घाईघाईत माल काढावा लागला, वाईन पातळ निघाली. 2009 गरम आणि सुखाचं, वाईन मऊ, लवकर आवडणारी. 2010 ला उन्हाळा कोरडा गेला पण रात्री थंड राहिल्या, म्हणून दाणा बारीक, साल जाड, आंबटपणा टिकला, तुरटपणा भरपूर आणि साखरही चढलेली, इतकी की उजव्या किनाऱ्याच्या मर्लोत अल्कोहोल साडेचौदा टक्क्यांच्या पुढे गेलं. आंबटपणा आणि तुरटपणा या दोन गोष्टी वाईनला वर्षानुवर्षं उभं ठेवतात म्हणून 2010 ला लांब पल्ल्याचं वर्ष म्हणतात.

किनारा म्हणजे काय ते पण सांगतो, लेखात ते राहूनच गेलं होतं. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद होते, समुद्राकडे तोंड केलं की तिच्या डाव्या हाताला मेडॉक, तिथे खडी-गोट्यांची जमीन, पाणी थांबत नाही, गोटे तापतात, तिथे कॅबर्ने सोव्हिनियॉन पिकतो. पोइयाक, सँ-जुलियाँ, मार्गो, सँ-एस्तेफ ही गावं त्या बाजूची. उजवीकडे सँ-एमिलियों आणि पोमरॉल, तिथे चिकणमाती आणि चुनखडी, गारवा धरणारी जमीन, तिथे मर्लो आणि कॅबर्ने फ्राँ. 1855 ला पॅरिसच्या प्रदर्शनासाठी वाईनची जी प्रतवारी केली ती जवळपास सगळी डाव्या किनाऱ्याची, त्यात आजपर्यंत मोठा बदल एकच, 1973 ला मूतों रोथशिल्ड हे शातो दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात गेलं. पोमरॉलला तर आजही सरकारी प्रतवारी नाही आणि तरी पेत्रूस हे एवढं महागडं नाव तिथलंच.

आमच्याकडे अर्थात या बड्या नावांतलं काही नव्हतं, साध्या ओ-मेडॉक, क्रू बुर्जुआ (मेडॉकमधला 1855 च्या यादीबाहेरचा दर्जा), एक-दोन बऱ्या शातोंच्या, आणि उजव्या बाजूच्या फ्रॉन्साक, सँ-एमिलियों अशा. पण त्यातसुद्धा फरक स्वच्छ कळत होता. मर्लोवाल्या उघडल्या उघडल्या बोलायला लागल्या, प्लमचा गोडसर वास, तोंडात भरलेल्या, शेवटी थोडी उष्णता. डाव्या बाजूच्या सुरुवातीला बंद, नुसत्या तुरट, धुळ्याचा मित्र पहिला घोट घेऊन म्हणाला 'भो, हाई ते काढा शे', आणि त्याचा ग्लास तसाच टेबलावर राहिला. दीड-दोन तासांनी त्याच ग्लासातून जांभळासारखा गडद फळाचा वास, पेन्सिल सोलल्यावर येतो तो लाकडाचा वास, मग तंबाखू, असं एकेक बाहेर यायला लागलं, तेव्हा त्यानेच उरलेली बाटली स्वतःकडे ओढली. ज्यांना फक्त एक ग्लास आणि पंधरा मिनिटं द्यायची आहेत त्यांनी डाव्या किनाऱ्याची 2010 उघडूच नये, स्पष्ट सांगतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. त्या दिवशी एकाच शातोच्या, एकाच वर्षाच्या, एकाच बॅगेतून आलेल्या दोन बाटल्या होत्या. एक माझ्याकडे तेरा डिग्रीला ठेवलेली, दुसरी मित्राच्या घरी दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये, वर दिवा, कितीतरी उन्हाळे तिथेच. दोन्ही कागदात गुंडाळून ओतल्या, कोणाला सांगितलं नाही. कोणालाच पटेना की या एकच वाईन आहेत. माझ्याकडची गडद लाल, कडेला जरा विटकरी, फळ शाबूत. शोकेसमधली तपकिरी, वासाला शिजवलेल्या मनुका आणि जळका गूळ, तोंडात आंबट आणि पोकळ, आणि कॉर्क थोडा वर सरकून बाजूने वाईन झिरपल्याचा डाग बाटलीच्या मानेवर होता. वर्ष तेच 2010, ज्याची एवढी कीर्ती. म्हणजे वर्ष, किनारा, शातो या सगळ्यावर आपल्या एप्रिल-मे ने पाणी फिरवलं.

कारण सरळ आहे. बाटलीत जे चालतं ते रसायन आहे, तुरट घटक एकमेकांना जोडून मोठे होतात आणि खाली गाळ बनून बसतात, रंग उतरतो, फळाच्या वासाची जागा चामडं, पाचोळा, तंबाखू असे वास घेतात. हे बारा-तेरा डिग्रीला सावकाश व्हायला हवं. साधारण दहा डिग्री वाढली की अशा क्रियांचा वेग दुपटीच्या घरात जातो, आणि नुसता वेग वाढत नाही, सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत म्हणून चवच दुसरी होते. वर दुपारी तापून वाईन फुगते, कॉर्कला ढकलते, रात्री आकसते आणि हवा आत ओढते, हे रोजचं. भुसावळला पंचेचाळीस डिग्री हा काही अपवाद नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

तळघराचा सल्ला फ्रेंच पुस्तकातून आलाय. जमिनीखाली काही मीटर गेलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं स्थिर राहतं. बोर्दोची सरासरी आहे तेरा-चौदा डिग्रीच्या आसपास, त्यामुळे त्यांचं तळघर आपोआप वाईनला हवं तेवढं गार. जळगावची सरासरी आहे सत्तावीसच्या आसपास. म्हणजे आपल्या जुन्या वाड्याचं तळघर, जाड मातीच्या भिंतीची धाब्याची खोली, धान्याचं पेव, कितीही गार वाटलं तरी वाईनच्या हिशोबाने गरमच. माळ्यावर ठेवण्यापेक्षा नक्कीच बरं, वर्षभर निघेल, दहा वर्षं नाही.

पण मला जे कळकळीने सांगायचंय ते हे की खान्देशाला हे काम येतं. रावेर, यावल, सावद्याकडून केळी बाहेरगावी जाते ती तेरा-चौदा डिग्रीला, त्याच्या खाली गेली की साल काळवंडते, वर गेली की वाटेतच पिकते, हे आमच्याकडच्या साध्या मजुरालाही माहितीये. वाईनला पण नेमकं तेवढंच तापमान लागतं! पफ पॅनल (थंडी धरणाऱ्या फोमच्या भिंती), सेन्सर, कॉम्प्रेसर, लाईट गेली की दार उघडायचं नाही म्हणजे पॅनल कितीतरी तास थंडी धरून ठेवतं, हे सगळं करणारी पोरं इथेच आहेत. फरक दमटपणाचा, केळीला नव्वद टक्क्यांच्या आसपास लागतो, वाईनला सत्तर पुरे, नाहीतर लेबलला बुरशी येते. म्हणून केळीच्याच चेंबरमध्ये बाटल्या ठेवू नका, पण एखाद्या कूलिंगवाल्याकडून कपाटाएवढा कप्पा करून घेणं अवघड नाही, किंवा तयार वाईन चिलर घ्या आणि त्याला इन्व्हर्टर जोडा. घरचा फ्रिज चार-पाच डिग्रीला चालतो, आत हवा कोरडी, काही महिने ठीक, वर्षानुवर्षं ठेवलं तर कॉर्क सुकतो.

दुकानदारांनाही विनंती आहे. आपल्या भागात एका दुकानात मी रेड वाईन रस्त्याकडच्या काचेत, थेट उन्हात लावलेली पाहिली, मे महिन्यात, आणि भाव पूर्ण. अशी बाटली पिऊन माणूस म्हणतो वाईन म्हणजे आंबलेलं पाणी, आणि नाशिकच्या चांगल्या वाईनची पण बदनामी होते. निदान मागच्या गार खोलीत ठेवा हो. गिऱ्हाईकाने पण बघावं, वाईन मानेच्या खाली खांद्यापर्यंत उतरलीये का, कॉर्क वर आलाय का, कॅपखाली चिकट लागतंय का.

लेखात गुंतवणुकीचं पण होतं. बोर्दोची वाईन तोडणीनंतरच्या वसंतात, अजून 225 लिटरच्या पिंपात असतानाच विकायला काढतात, बाटली हातात यायला पुढे दोनेक वर्षं लागतात. 2010 ची अशी विक्री झाली तेव्हा भाव गगनाला भिडले होते आणि त्यानंतर चीनची मागणी ओसरली तसे ते खाली आले, महागात घेणारे बरीच वर्षं तोट्यात बसले. पोइयाकच्या शातो लातूरने तर 2012 ला जाहीरच केलं की यापुढे आधी विकणार नाही, तयार झाल्यावर विकू. आणि आपल्याकडे तर आयात कर वर्षानुवर्षं दीडशे टक्के राहिलाय, खासगी माणसाला बाटली विकता येत नाही, आणि परदेशी खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो की कुठे ठेवली होती. तेव्हा गुंतवणूक म्हणून वाचकांना या भानगडीत ओढू नये असं मला वाटतं. प्यायची असेल, परवाना असेल, वय बसत असेल, तर चांगली घ्यावी आणि थोडी प्यावी.

शिवाय बोर्दोची प्रत्येक रेड ठेवण्यासाठी नसतेच. साध्या बोर्दो नावाच्या बाटल्या तीन-पाच वर्षांत पिऊन टाकायच्या, ठेवायच्या त्या निवडक.

जेवणाचं एक सांगतो. काळ्या मसाल्याचं मटण, शेवभाजी, हिरव्या मिरचीचं भरीत यासोबत ही वाईन काढू नका, तुरटपणा आणि अल्कोहोल मिरचीची आग वाढवतात, दोघांचंही नुकसान. भरीत-कळण्याची भाकरी हे स्वतःच पूर्ण जेवण आहे. वाईनसोबत मीठ-मिरी लावून निखाऱ्यावर भाजलेलं मटण करा, चरबी आणि तुरटपणा यांचं जमतं. आणि 'रूम टेंपरेचरला प्या' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे ती खोली युरोपातली, सोळा-अठरा डिग्रीची. आपल्या खोलीतली बाटली आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये घालावीच लागते.

ज्यांच्या कपाटात किंवा माळ्यावर 2010 ची, किंवा कुठल्याही वर्षाची बोर्दो बरीच वर्षं पडून आहे त्यांनी ती पोराच्या लग्नासाठी वगैरे आणखी राखून ठेवू नये. येत्या डिसेंबर-जानेवारीत उघडा. आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल, हळूहळू ओता, शेवटचा गढूळ घोट बाटलीतच राहू द्या. बाटली फार उन्हाळे खाल्लेली असेल तर डिकँटरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून ओतून ठेवायचं काचेचं भांडं) तासन् तास ठेवू नका, लगेच प्या, कारण तिच्यात जे काही शिल्लक असेल ते हवेत अर्ध्या तासात उडून जातं.

आपला,
एक वाचक
सावदा, जि. जळगाव