फलकावर नाव रंगवलं, झालं समुपदेशन!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी धारूर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवते. यंदा आमच्या व्हरांड्यात तक्रारपेटीच्या शेजारी पिवळा फलक आला. 'शालेय समूपदेशक', खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर. 'मू' दीर्घ पडला होता, तो मी पेंटरकडून दुरुस्त करून घेतला. खरी चूक त्याच्या हातातली नव्हती.

विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी सांगितलं की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आमच्याकडे पोरं ४०० च्या वर. बैठकीत एकच प्रश्न निघाला, "कुणाचं नाव टाकायचं?" माझ्याकडे शिष्यवृत्ती, वाचनालय आणि बीएलओचं (मतदारयादीचं) काम होतंच, त्यात हा चार्ज आला. एका दुपारी प्रशिक्षण झालं, त्यातही निम्मा वेळ प्रोजेक्टर लागेना.

चार्ज नको म्हणून हे लिहीत नाही. तो मला जमणार नाही, कुठल्याच वर्गशिक्षिकेला जमणार नाही, हे मला यंदा कळलं.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी ट्रॅक्टरवर बसून साखर कारखान्यांकडे जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. सातवीतला एक मुलगा असाच मागं राहिलेला. डिसेंबरात तो रोज पहिल्या तासाला पेंगायला लागला. मी दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा उभं केलं. दुपारी आठवलं की फलकावर माझंच नाव आहे. त्याला बोलावलं. समुपदेशनाची खोली म्हणजे क्रीडासाहित्याची खोली. कबड्डीच्या मॅटवर तो बसला, मी खुर्चीवर. "काही अडचण आहे का रे?" "काय नाय, मॅडम." दहा मिनिटं तो मॅटचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिला. सकाळी ज्या बाईनं चाळीस पोरांसमोर उभं केलं, तिला तो दुपारी काय सांगणार?

खरं काय ते खिचडी शिजवणाऱ्या ताईंना ठाऊक होतं. घरी आजी, तिला रात्रीचं दिसत नाही. दुसरीतली बहीण आईच्या नावानं रडत उठते, ती झोपेपर्यंत हा जागा. मधल्या सुट्टीत तो ताईंसमोर स्टीलचा डबा धरायचा आणि त्या न विचारता दोन पळ्या जास्त घालायच्या. संध्याकाळची सोय! एके दिवशी त्यानं आपणहून सगळं सांगितलं. ताईंच्या हातात आकारिकचे गुण नाहीत, हजेरीपट नाही, घरी जाणारी चिठ्ठी नाही. आमच्या शाळेचं समुपदेशन चुलीपाशी चालू होतं आणि फलक व्हरांड्यात होता. त्याच निकालपत्रात शिक्षकेतरांसह सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलंय. त्यात या ताईंना पहिल्या रांगेत बसवावं, असं मला वाटतं.

मी काय केलं? फार काही नाही. त्याला उभं करणं बंद केलं.

दुसरी गोष्ट लिहिताना हात आखडतो. आठवीतली मुलगी संक्रांतीनंतर आठवडाभर आली नाही. लग्न ठरल्याचं तिनं मैत्रिणीला आधीच सांगितलं होतं. वर बजावलं होतं, "मॅडमला सांगू नको, त्या पप्पांना फोन करतात." खरंच करते. गैरहजेरी दिसली की घरी फोन, हे माझं कामच आहे. मैत्रिणीनं शेवटी तोंड उघडलं, मी १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवलं, लग्न थांबलं. पण ते आठ दिवस आधी कळायला हवं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पोरीचं लग्न लावलं की नवा कोयता तयार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० जणींपैकी ४३ हून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. या आकड्याची सुरुवात सहावी-सातवीच्या बाकावर होते. आणि आपलं मार्गदर्शन कुठे? दहावीला. करिअरची व्याख्यानं, परीक्षेच्या ताणाची हेल्पलाइन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला १०० च्या वर पट असेल तर चित्रकला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहेत. समुपदेशक नाही.

प्रत्येक शाळेला पूर्णवेळ पद द्या म्हटलं तर फाइल मंत्रालयात निजेल, हे आम्हालाही कळतं. म्हणून एवढंच मागते: केंद्रागणिक, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटामागे, एक माणूस द्या. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रात एमए झालेली कितीतरी मुलं आमच्याच जिल्ह्यात घरी बसून आहेत. प्रत्येक शाळेला ठरलेला वार असावा, निदान ऑक्टोबर ते एप्रिल. त्याच्याकडे तास नको, पेपर तपासणी नको, बीएलओ तर मुळीच नको. मुलानं सांगितलेलं त्यानं जिवाला धोका असल्याशिवाय मला किंवा मुख्याध्यापकांनाही सांगू नये, हे लेखी असावं. शिक्षकांना हे जड जाईल. मलाही जाईल, कारण आपल्या वर्गातलं आपल्यालाच कळू नये, हे सोसत नाही.

तोवर फलकावरचा माझा नंबर चालू आहे. आजवर त्यावर एकच फोन आला, पेंटरचा. त्याचे साडेचारशे रुपये अजून राहिलेत.

आपली,
एक शिक्षिका, ता. धारूर, जि. बीड
(कृपया नाव छापू नये.)