ब्रिज मोड आहे का, ते खोक्यावर छापा

महोदय,

पावसाळ्यात फायबर तुटली की आमच्या पतसंस्थेचं काम सिमकार्डच्या मॉडेमवर चालतं. त्याच्यामागे फायरवॉल, म्हणजे बाहेरची घुसखोरी अडवणारं यंत्र. पण फायरवॉलसारखाच मॉडेमही राउटर होऊन, म्हणजे आतल्या यंत्रांना पत्ते वाटत बसतो. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१, मग गाडी अडणारच. ब्रिज मोड लावला की मोबाइल कंपनीनं दिलेला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) थेट फायरवॉलच्या वॅन पोर्टवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या जोडणीवर येतो, मॉडेम मध्ये लुडबुडत नाही. ही सोय मॉडेममध्ये आहे की नाही, दुकानदारालाही ठाऊक नसतं. खोक्यावर ‘५जी’ मात्र ठळक! शिवाय तो आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला, म्हणजे कंपनीच्या आतल्या जाळ्यापुरता निघाला, तर ब्रिज लावूनही शाखेचा कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही. दोन्ही गोष्टी विकण्यापूर्वीच लेखी सांगणं कंपन्यांना बंधनकारक करावं.

– पतसंस्थेचे संगणक सांभाळणारा एक वाचक, चिपळूण