भेगा न उघडता वरून रंग मारल्याबद्दल तक्रार

दि. १९ जानेवारी २०२६
बामणोली, ता. जावळी, जि. सातारा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : फायबरच्या लाँचचा तडकलेला रंग व टवके उडालेला जेलकोट (फायबरवरचा कडक, गुळगुळीत थर) यांच्या दुरुस्तीत झालेली हयगय, काम पुन्हा करून देणे अथवा रक्कम परत करणे याबाबत.

महोदय,

कोयनेच्या शिवसागर जलाशयात माझी फायबरची लाँच चालते. बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला, तापोळ्याला, त्रिवेणी संगमाला पर्यटक नेणे-आणणे हा आमचा घरचा धंदा. सुकाणूवर मी किंवा मुलगा, नोकर कोणी नाही. लाँच जुनी आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या माणसांना दर फोनवर हा शोध नव्याने लागतो. जुनी होती म्हणूनच दुरुस्तीला काढली. नवी कोरी लाँच कोणी दुरुस्तीला देत नाही.

काम देताना तिची अवस्था काय होती ते लिहितो, म्हणजे पुढे वाद नको. दोन्ही बाजूंचा निळा रंग उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तसा तडकला होता. हा रंग मूळचा नव्हे, आधीच्या मालकाने जेलकोटवर मारलेला. पुढच्या टोकाला जेलकोटचे टवके उडून आतला फायबर उघडा पडला होता. याचे कारण इथे सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्याकडे जलाशयाचे पाणी उतरत जाते, तसा आमचा चढ-उताराचा काठही खाली सरकतो आणि लाँच रोज नव्या दगडांवर टेकते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढे दोर बांधायचा जो खुंटा आहे, त्याच्या बुडाशी चांदणीसारख्या बारीक भेगा फुटल्या होत्या.

तुमचे इंजिनिअर मार्चमध्ये स्वतः येऊन हे सगळे बघून गेले. नखाने भेगा चाचपल्या, फोटो काढले. मग जे कोटेशन आले त्यात तुमच्याच लेटरहेडवर लिहिले आहे : 'सर्व भेगा ग्राइंडरने उघडून, ॲसिटोनने पुसून, जेलकोट भरणे, खुंट्याखाली आतून फायबर मॅट देणे, जुना रंग पूर्ण काढून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात व टू-पॅक पीयू रंगाचे दोन हात.' एकूण ८५,००० रुपये, त्यात माल आणि मजुरी वेगवेगळी मांडलेली. वर्षाची हमी. निम्मे पैसे मी त्याच आठवड्यात भरले. कोटेशन वाचून मला बरे वाटले होते, कारण काम असेच व्हायला हवे. तक्रार कोटेशनबद्दल नाहीच. त्यातले काय झाले नाही, याबद्दल आहे.

एप्रिल गेला, मे गेला. आज माणूस नाही, उद्या माल नाही. तुमची माणसे उगवली ती मृग बरसून गेल्यावर. बामणोलीचा जून-जुलै म्हणजे काय, हे खालच्या माणसाला सांगून कळत नाही. इथे बरणीतले मीठ पाणी सोडते आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. अशा हवेत, चारही बाजूंनी उघड्या ताडपत्रीखाली, तुमच्या लोकांनी टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग मारला. मी तिथेच हरकत घेतली. त्यावर उत्तर मिळाले, "काका, मरीन पेंट आहे हा, पाण्यासाठीच असतो."

रंग वाळल्यानंतर पाण्यात राहणे वेगळे आणि ओल्या हवेत वाळणे वेगळे, एवढे रंगाऱ्याला कळू नये? पीयू रंगाचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच आधी जुळतो. मग चकाकी जाते, आत बारीक बुडबुडे राहतात. रंग मारताना पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचे दव होते) किमान ३ अंशांनी गरम हवा आणि हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या खाली हवी, हा नियम मरीन रंगांच्या माहितीपत्रकांत सर्रास सापडतो. तुमच्या माणसांकडे ओलावा मोजायचे काहीही नव्हते. हात फिरवून "सुकलंय" म्हणायचे, एवढीच तपासणी.

काम उरकले तेव्हा लाँच दिसायला देखणी झाली होती, हे मान्य करतो. उरलेले पैसे त्या दर्शनावरच घेतलेत. ऑक्टोबरच्या मध्यात वासोटा खुला झाला, लाँच पाण्यात उतरली आणि दिवाळीची गर्दी ओसरेपर्यंत खरे रूप बाहेर आले. डाव्या बाजूचा रंग तळहाताएवढ्या पोपड्यांनी सुटू लागला. पुढच्या टोकाला भरलेला माल नखाने कोरता येईल इतका मऊ. आणि खुंट्याभोवतीची चांदणी जशीच्या तशी, नव्या निळ्या रंगातून पुन्हा उमटलेली. एकदा नंबर आमचा असताना पुण्याच्या एका कुटुंबातली बाई काठावरच थांबल्या आणि मुलाचा हात धरून म्हणाल्या, "ही फुटलीय का हो?" मी काय सांगणार? ते कुटुंब मागच्या लाँचमध्ये बसले.

तुम्हाला फोन करून कंटाळलो, तेव्हा सातारा एमआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि पत्रे बनवणारे एक ओळखीचे कारागीर घेऊन आलो. त्यांनी खुंट्याजवळ आणि पुढच्या टोकाला अशा दोन ठिकाणी जपून घासून पाहिले. मुलाने सगळ्याचा व्हिडिओ केला आहे. त्यात जे दिसले ते असे.

पुढच्या टोकाला वर निळा रंग. त्याखाली प्रायमरचा एक पातळ हात, दोन नव्हेत. त्याखाली गुलाबी थर. कारागिराने तो नखाने उचलला, बोटांत चुरला आणि हसला. मोटारगाडीच्या गॅरेजमध्ये पत्र्याच्या पोच्यात भरतात ती लांबी (पुट्टी), लाल हार्डनर घातल्यावर जी गुलाबी होते ती! या लांबीत शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी पिते. गाडीच्या दारावर ती चालते, कारण गाडी रात्रंदिवस पाण्यात उभी नसते. पाण्याच्या रेषेखाली ती भरणे म्हणजे आत स्पंज कोंबण्यासारखे, हे त्यांचे शब्द. काही खळग्यांत लांबीच्या वर तुम्ही जेलकोटही दिला होता, पण तो चिकट राहिलेला. पॉलिएस्टर जेलकोट हवेच्या संपर्कात वरून पूर्ण पक्का होत नाही. म्हणून शेवटच्या हातात मेण मिसळलेला जेलकोट वापरतात किंवा वर पीव्हीएचा (पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा) पडदा देऊन हवा अडवतात. तुम्ही यातले काही केले नाही. चिकटपणा थिनरच्या बोळ्याने पुसला आणि त्यावरच प्रायमर ओढला. तो प्रायमर कशाला धरून राहणार?

खुंट्याजवळ तर कमाल आहे. कोटेशनमध्ये ग्राइंडर होता, इथे ग्राइंडरचा एक ओरखडाही नाही. भेगेच्या फटीत जुना काळा मळ तसाच, त्यावर लांबी पुसून घेतलेली. वरून कीर्तन, आतून तमाशा. जेलकोट हा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा कडक थर, त्यात फायबरचे धागे नसतात. खालचा फायबर लवचीक. दुपारी जलाशयात वारा सुटला की बांधलेली लाँच हिसके देते, खुंट्याखालचा फायबर वाकतो आणि वरचा जेलकोट तडकतो. म्हणून भेग व्हीच्या आकारात खोलपर्यंत उघडायची, कोरडी करायची, मग भरायची, आणि मुळात खुंट्याखाली आतून मॅटचे, म्हणजे फायबरच्या धाग्यांच्या चटईचे, थर व रुंद पट्टी देऊन ते वाकणेच थांबवायचे. भेग हे लक्षण आहे, दुखणे खाली आहे. आम्ही आतून फळी काढून पाहिली. मॅटचा पत्ता नाही. खुंट्याच्या बोल्टवर गंज आहे, याचा अर्थ ते बोल्ट तुम्ही सोडवलेसुद्धा नाहीत. पैसे मात्र मॅटचे आणि ती भिजवायच्या रेझिनचे लावले आहेत. बिल सोबत आहे, पाहून घ्यावे.

रंग उखडला तर लाँच कुरूप दिसते, धंदा बुडतो, तो माझा तोटा. खुंटा उपटला तर वाऱ्यात लाँच दगडांवर जाते, आणि आत माणसे बसलेली असतात. म्हणून हा विषय मी रंगापुरता धरत नाही. तुमच्या 'काम पूर्ण' या शेऱ्यावर विसंबून मी हंगामाची सुरुवात केली. आता तो खुंटा वापरणे बंद केले असून दोर मागच्या कड्यांना बांधतो.

आता तुमच्या उत्तरांकडे येतो. लेखी एकही नाही, सगळी तोंडी.

"लाँच दगडावर घासली असेल." डाव्या बाजूचे पोपडे पाण्याच्या रेषेच्या वर, प्रवासी बसतात तिथे आहेत. दगड तेवढे उडत नाहीत.

"जुन्या बोटीच्या आत पाणी मुरलेलं असतं." मुरलेले असू शकते. मग मार्चमध्ये लाँच पाण्याबाहेर काढून, घासून, उन्हाळाभर सुकू द्यायला हवी होती आणि ओलावा मोजून मगच थर चढवायला हवा होता. हे मला नव्हे, तुमच्या इंजिनिअरला ठाऊक असायला हवे. तुम्ही उन्हाळा दवडलात आणि पावसात आलात.

"जुना रंग कच्चा होता, त्याने नवा उचलला." अगदी बरोबर! जुन्या साध्या ऑइलपेंटवर टू-पॅक चढवला की थिनरने खालचा थर सुरकुततो. म्हणूनच कोटेशनमध्ये 'जुना रंग पूर्ण काढून' असे तुम्हीच लिहिले होते. पोपड्याच्या मागच्या बाजूला जुना निळा चिकटून येतो आहे. तो काढला असता तर आला कसा असता? चार पोपडे डबीत ठेवले आहेत.

शेवटचे उत्तर तुमच्या ऑफिसातल्या मॅडमनी दिले : "तुमचा वापर कमर्शियल आहे, तुम्हाला ग्राहक कायदा लागत नाही." त्यांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(७) शेवटपर्यंत वाचावे ही विनंती. केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून वापरलेल्या वस्तूला तो कायदा व्यापारी वापर म्हणत नाही. ही लाँच आम्ही बापलेक चालवतो, त्यावरच घर चालते.

माझी मागणी अशी आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तुमचा जबाबदार माणूस इथे यावा आणि आमच्या कारागिरासमोर लाँच पाहावी. त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये, लाँच बाहेर काढून बंदिस्त आडोशाला, सगळी लांबी व रंग काढून, भेगा उघडून, ओलावा मोजून, खुंट्याखाली मॅट व पट्टी देऊन, मेणाचा शेवटचा हात असलेला जेलकोट भरून काम नव्याने करावे. जेलकोट भरल्यावर पॉलिश पेपर, मग कंपाउंड, मग बफिंग हे ओघाने आलेच, ते 'वेगळे लागेल' म्हणू नये. लाँच जितके दिवस बाहेर राहील तितक्या दिवसांच्या बुडालेल्या धंद्याबद्दल बोलायला मी तयार आहे, अडून बसणार नाही. पण माल आणि मजुरीचा एक रुपयाही पुन्हा देणार नाही. हे जमत नसेल तर ८५,००० रुपये परत करावेत, काम मी दुसऱ्याकडून करून घेईन. काम पुन्हा करणार असाल तर वापरणार त्या जेलकोटचा व रंगाचा बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि माहितीपत्रक आधी द्यावे.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ई-जागृती पोर्टलवरून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही, तेव्हा खर्चाला घाबरून मी गप्प बसेन अशा समजुतीत राहू नये.

फोनवर उत्तर नको. इथे रेंज असते-नसते आणि फोनवर दिलेला शब्द तुमच्याकडे टिकत नाही.

कळावे,

आपला ग्राहक,
एक लाँचमालक, बामणोली

सोबत : कोटेशन, बिल व पैसे भरल्याच्या पावत्यांच्या झेरॉक्स, फोटो, व्हिडिओचा पेनड्राइव्ह.

ता. क. : तुमची माणसे जाताना जेलकोटचा अर्धा डबा ताडपत्रीखाली विसरून गेली. जेलकोट साधारण सहा महिन्यांच्या आत वापरायचा असतो. या डब्यावरची तारीख त्याच्या कितीतरी मागची आहे. डबा झाकण लावून, पंचांच्या सह्यांचा कागद चिकटवून घरात ठेवला आहे. तुमचा माणूस पाहणीला येईल तेव्हा त्याला दाखवेन, पण परत देणार नाही.