पावाच्या भट्टीमागचं काम: बंड्यास पत्र

लेस्टर (इंग्लंड), 15 जून 2025

प्रिय बंड्या,

तुझा निरोप मिळाला. चिरंजीव सप्टेंबरात इकडे एमएस्सीला येतोय हे वाचून फार बरं वाटलं. पहिले पंधरा दिवस तो आमच्याकडे राहील, त्यावर चर्चा नको, असं वहिनींना माझ्या नावाने सांग.

आता तुझा मुख्य प्रश्न. "तुझ्या सुपरमार्केटात बेकरीला चिकटव त्याला, पाव-बिव भाजायचे, तेवढं काय" हे तुझं वाक्य हिने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर विचारलं, "तेवढं काय, सांगा ना मित्राला." ही वॉर्डात बारा-बारा तास उभी असते. संध्याकाळी कोणाची कंबर जास्त धरलीय यावर आमच्यात रोज वाद होतो, आणि अलीकडे मी जिंकायला लागलोय. दोन ओळींत हो किंवा नाही म्हणता आलं असतं, पण मुलगा तुझा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इथल्या मोठ्या दुकानांतल्या बेकऱ्या दोन जातीच्या. एकीत पीठ मळण्यापासून सगळं दुकानातच होतं, तिला स्क्रॅच बेकरी म्हणतात. दुसरीत माल कारखान्यातून गोठवलेला किंवा अर्धवट भाजलेला येतो, आपण फक्त ट्रेवर मांडायचा, भट्टीत घालायचा, गार करायचा, पिशवीत भरायचा, लेबल मारायचं आणि फळीवर लावायचा. पहिली जात आटत चाललीय. 2020 च्या फेब्रुवारीत टेस्को या इथल्या मोठ्या सुपरमार्केट साखळीने आपल्या बऱ्याच दुकानांतलं मळणं बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा अठराशेच्या आसपास नोकऱ्यांवर गदा आली होती. आमचं दुकान मधलं आहे. साधा पाव आम्ही इथेच मळतो, पण क्रोसाँ, डोनट, कुकी, बगेट सगळं खोक्यातून. म्हणजे दोन्ही जातींचे ताप एकाच छपराखाली.

पहाटे चारला आत जायचं. पहिलं काम फ्रीझरचं. बाहेर भट्ट्या तापायला लागलेल्या असतात आणि तू जाडं जॅकेट घालून उणे अठरा अंशात उभा. माल जाळीच्या चाकांच्या पिंजऱ्यांतून आलेला असतो, खोक्यावर खोकं, डोक्याच्या वर. आज यादीत चीझ ट्विस्ट असतील तर त्यांचं खोकं हमखास सगळ्यात मागच्या पिंजऱ्यात, तळाला. मग पुढचे पिंजरे बाहेर ओढ, वरची खोकी उतरव, हवं ते काढ, बाकीची परत रच. हातमोजे जाड म्हणून खोक्याची पट्टी निघत नाही, आणि मोजे काढले तर बोटं बधिर. बाहेर आलास की चष्म्यावर धुकं, काही दिसत नाही, आणि समोरून कोणीतरी तापलेली रॅक ढकलत येत असतो. तुझा मुलगा चष्मा लावतो ना? मग ही गोष्ट त्याला आधी सांग.

वजनाचं म्हणशील तर एकेक वस्तू फार जड नाही. पिठाची पोती सोळा किलोची, खोकी त्याहून हलकी. आपल्याकडच्या हमालाला हे ऐकून हसू येईल. पण इथल्या आरोग्य-सुरक्षा खात्याचा, एचएसईचा, एक तक्ता आमच्या मागच्या खोलीत लावलाय, तो मी चहा पिताना इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. पुरुषाने अंगालगत, कमरेच्या उंचीवर उचलायचं असेल तर 25 किलोपर्यंत ठीक. तेच हात लांब करून उचललं तर 15. जमिनीवरून, अंगालगत, 10. जमिनीवरून हात लांब करून, फक्त 5. डोक्याच्या उंचीवर हात लांब करूनही पाचच. बायकांसाठी हे आकडे आणखी कमी, कमरेशी 16 आणि अवघड जागी 3. हा कायदा नव्हे, नुसता अंदाज आहे, आणि तोही अधूनमधून उचलणाऱ्यासाठी. आता सांग, पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात असलेलं खोकं अंगालगत कसं उचलणार? रॅकचा सगळ्यात वरचा ट्रे कमरेच्या उंचीवर कसा येणार? माझा खांदा गेलाय तो पोत्यांनी नाही, त्या वरच्या ट्रेने. भरलेला ट्रे दोन हातांनी डोक्याच्या वर नेऊन खाचेत सरकवायचा, पाच मिनिटांनी पुन्हा, दहा मिनिटांनी पुन्हा. एका ट्रेचं काहीच वाटत नाही. दुपारी घरी येऊन शर्ट काढताना हात वर जात नाही, तेव्हा कळतं.

रॅक ढकलणं हा निराळाच प्रकार. माणसाहून उंच लोखंडी सांगाडा, ट्रेंनी भरलेला, तो तसाच्या तसा भट्टीत आत ढकलायचा. चाकांत तीळ, पिठाचे गोळे, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे तुकडे अडकून एखादं चाक जाम झालेलं असतंच. रॅक मग बाजारातल्या अडेल बैलासारखी एकाच बाजूला ओढते आणि मनगट पिरगळतं. बिघडलेल्या रॅकला पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा नियम आहे. पण सगळ्याच चिठ्ठ्या लावल्या तर पाव कशावर भाजायचा, म्हणून चिठ्ठ्या कमी लागतात.

भाजण्याचं तर विचारूच नकोस. माझ्या दोन्ही हातांवर कोपराखाली आडव्या तांबूस रेघा आहेत. ट्रेची कड लागते ना, तिच्या. इथे प्रत्येक जुन्या बेकरच्या हातावर असतात आणि नवा माणूस पहिली रेघ कौतुकाने दाखवत फिरतो. तुझ्या मुलाला एक गोष्ट पक्की शिकवायची: मोजा ओला असेल तर ट्रेला हात लावायचा नाही. कोरडा मोजा उष्णता अडवतो, ओल्याची आत वाफ होते आणि मोजा काढेपर्यंत ती सोडत नाही. उन्हाळ्यात भट्टीशेजारी काय होतं याला कायद्यात वरची मर्यादा नाही, किती गरम झालं की काम थांबवायचं हा आकडाच या देशात नाही. 19 जुलै 2022 ला लिंकनशायरमध्ये 40.3 अंश नोंदले गेले, इतिहासातला इथला उच्चांक. त्या दिवशीही पाव भाजलाच गेला, असं आमच्यातला जुना पोलिश बेकर सांगतो. तो फार बोलत नाही, पण हा दिवस आला की बोलतो.

एवढं सगळं असूनही, बंड्या, हे शरीराला जमतं. बावीस वर्षांच्या पोराला तर नक्कीच. पाठ सरळ ठेवून गुडघ्यातून बसायचं, खोकं पोटाशी धरायचं, हे महिन्याभरात अंगवळणी पडतं. बूट कंपनी देते, द्यावेच लागतात. माझ्या हाताखाली कॉलेजची पोरं येतात, पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येतात आणि तिसऱ्यात मला मागे टाकतात. कामात मजाही आहे. सकाळी सातला दार उघडतं आणि लाइनीतली पहिली आजी गरम पाव हातात घेऊन दाबून बघते, तेव्हा चांगलं वाटतं, मी नाकारत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मला आठवतंय, लहानपणी त्याला बाळदमा होता. मिरजेला आमच्या घरी उतरला होतात तेव्हा रात्रभर वहिनी त्याला उभा धरून बसल्या होत्या. आता त्रास नाही म्हणतोस, आनंद आहे. पण पिठाची धूळ ही साधी धूळ नव्हे. इथे कामामुळे होणाऱ्या दम्याच्या कारणांत ती अगदी वरच्या नंबरात आहे, आणि पिठात पाव चांगला फुगावा म्हणून जी एन्झाइमं घालतात त्यांनीही तोच त्रास होतो. आठ तासांच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर धूळ असता कामा नये, असा नियम आहे, आणि त्याच्याही जितकं खाली ठेवता येईल तितकं ठेवा असं बजावलंय. आकडा वाचायला सोपा. मिक्सरमध्ये पोतं घाईने उलटं केलंस की समोर जो पांढरा ढग उठतो तो मोजायला तिथे कोणी उभं नसतं. पोतं हळू, खाली नेऊन ओतायचं, मिक्सर सुरुवातीला सावकाश फिरवायचा, टेबलावर पीठ मुठीने उधळायचं नाही, आणि फरशी झाडूने कोरडी झाडायची नाही, खास व्हॅक्यूमने ओढायची. हे सगळं आम्हाला शिकवलंय. आणि व्हॅक्यूमची पिशवी भरलेली असली आणि दुकान उघडायला वीस मिनिटं उरली असली की कोपऱ्यातला झाडू बाहेर येतो, हेही खरं.

हा दमा एका दिवसात येत नाही. आधी नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, छाती धरते. आणि एकदा शरीराने पिठाशी वैर धरलं की मग चिमूटभर धुळीनेही त्रास होतो. आमच्याकडे एक बाई होत्या, केकवर आयसिंग करायचा हात असा की बघत राहावं. त्यांना शेवटी कपड्यांच्या विभागात जावं लागलं, आता टी-शर्टच्या घड्या घालतात. कामावर घेताना छातीबद्दल प्रश्नावली भरून घेतात. तिथे त्याने बाळदम्याचं खरं लिहावं. नोकरी जाईल या भीतीने पोरं "नाही"वर खूण करतात.

म्हणून माझं मत: मळणाऱ्या बेकरीत त्याने येऊ नये, माझ्या तर नाहीच. खोक्यातला माल भाजणाऱ्या दुकानात चालेल, तिथे धूळ पुष्कळ कमी. किंवा सरळ फळ्या भरायचं नाही तर ऑनलाइन ऑर्डरी गोळा करायचं काम घ्यावं, पगारात फारसा फरक नाही. 2025 च्या दराने एकवीस वर्षांवरच्याला कायद्याने तासाला किमान 12 पौंड 21 पेन्स, मोठी दुकानं त्याहून थोडं जास्त देतात.

व्हिसाचंही नीट ऐक, कारण एजंट हे सांगत नाहीत. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, सोमवार ते रविवार मोजून, सगळ्या नोकऱ्या मिळून. एका आठवड्याला बावीस आणि पुढच्याला अठरा, असं चालत नाही. आणि एमएस्सीवाल्यांचा उन्हाळा ही सुट्टी धरत नाहीत, प्रबंधाचा काळ असतो तो, तेव्हाही वीसच. दुकानात माणूस कमी असला की मॅनेजर गोड बोलून विचारतो, "चार तास जादा करशील का?" बेकरीत माणूस कमी नसतो असा दिवस मी अजून पाहायचाय, सगळ्या दुखण्यांचं मूळ खरं तर तेच आहे, तिघांचं काम दोघं करतात. पोराने तिथे नाही म्हणायला शिकलं पाहिजे. मॅनेजरला फक्त पावाची काळजी आहे, व्हिसा याचा जाईल.

आजारपणाचं दुखणं वेगळं. 2025 च्या सरकारी नियमाने पहिल्या तीन दिवसांचे पैसेच नाहीत, आणि आठवड्याची सरासरी कमाई 125 पौंडांच्या खाली असेल तर पुढेही काही नाही. दहा तासांचा करार केला की किमान दराने 122 पौंड होतात, म्हणजे बरोबर उंबरठ्याच्या बाहेर. करार बारा तासांचा तरी मागावा. हे बदलायचं विधेयक आत्ता, 2025 च्या जूनमध्ये, संसदेत आहे, पण ते लागू होईपर्यंत पाठ धरलेली माणसं दोन गोळ्या घेऊन चारला हजर राहणार. मीही राहतो. सहा तासांच्या वर काम असेल तर सलग वीस मिनिटांची सुट्टी हा हक्क आहे, पगारी असेलच असं नाही. ती त्याने बसून घ्यावी, दुकानाच्या बाहेर जाऊन. आणि युस्डॉ म्हणून दुकानकामगारांची संघटना आहे, तिचा सभासद व्हावं. वर्गणी किरकोळ आहे, आणि कागदावर भांडायला कोणीतरी मिळतं.

तुमच्याकडे मुंबईत लाकडाच्या भट्ट्या बंद करायच्या नोटिसा बेकऱ्यांना लागल्यात, हे इथे वाचलं. तुझ्या गल्लीतल्या बेकरीचं काय झालं ते कळव. तिथला कडक पाव इथे कुठल्याच भट्टीतून निघत नाही, मी प्रयत्न करून चुकलो.

मी आमच्या ऑनलाइन विभागात बोलून ठेवलंय. सप्टेंबरात नाताळसाठी भरती सुरू होते, तेव्हाच त्याने अर्ज टाकावा, ऑक्टोबर उजाडला की जागा भरतात. त्याच्या बॅगेत जागा उरली तर आयोडेक्सच्या मोठ्या चार बाटल्या आणि अर्धा किलो मेतकूट पाठव. मेतकूट हिला, बाटल्या मला. आणि डॉक्टरांकडून त्याची छाती एकदा तपासून, ते कागद बरोबर दे.

तुझा,
अण्णा