पाणपोई, मूतखडा तपासणी आणि महिलांची मुतारी : वस्तीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

होळी झाली, पाडवा पंधरा दिवसांवर आला, आणि पाणपोईचे रांजण अजून गोदामात उपडे पडले आहेत. हे पत्रक रात्री साडेअकराला, कार्यकारिणीची सभा उठल्यावर लिहायला घेतले आहे. सभेला तेरापैकी पाच जण होते. असो.

मंडळ कोणते, खोली कुठे, हे नागपूरच्या महाल भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही. सांगायचे ते आधी त्या लोकांबद्दल, ज्यांच्यामुळे हे काम उभे राहिले. नावे मात्र छापत नाही. मागच्या पत्रकात नावांच्या क्रमावरून जे रामायण झाले, त्यानंतर कार्यकारिणीने ठरावच केला आहे. पण वस्तीला कळेलच.

पहिले दोन रांजण दिले ते हातमागावर आयुष्य काढलेल्या आपल्या आजोबांनी. नुसते दिले नाहीत, पहाटे पाचला नळ आला की स्वतः भरायचे, आदल्या दिवशीचे पाणी झाडांना घालायचे, आणि वाळ्याची पुरचुंडी दर आठ दिवसांनी बदलायचे. त्यांच्या हयातीत रांजणाला शेवाळ धरलेले कोणी पाहिले नाही. ते गेल्यावर त्यांच्या सुनेने तेरवीच्या खर्चातून वाचवून तिसरा रांजण आणून ठेवला. चौकातल्या किराणावाल्या भाऊंनी सलग नऊ उन्हाळे फिल्टरच्या कँडल पुरवल्या आणि एकदाही पावती मागितली नाही. ऑटो स्टँडवरच्या पोरांनी ओळीने पाळ्या लावून पाणी वाहिले, तेसुद्धा सवारी सोडून. आणि सिस्टर! तीस वर्षे मेयो रुग्णालयात नोकरी करून निवृत्त झाल्यावर माणूस आराम करतो. या बाईंनी मंडळाच्या खोलीत खुर्ची टाकली आणि दर गुरुवारी वस्तीतल्या बायकांचे ऐकून घ्यायला सुरुवात केली. आज आपण जे काही मागतो आहोत ते सगळे त्या खुर्चीतून निघाले आहे.

झाले असे. सिस्टरकडे येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींची तक्रार एकच, लघवीला जळजळ. आपल्याकडे त्याला 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि सब्जा, धनेपाणी पिऊन अंगावर काढतात. कधी ती नुसती उन्हाची उष्णता असते, पाणी कमी पडल्याने लघवी घट्ट होऊन जळजळते, भरपूर पाणी पोटात गेले की थांबते. पण वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे, गढूळ लघवी, थंडी वाजून ताप, असे असेल तर तो जंतुसंसर्ग. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे आतड्यातले जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. लघवी तासन्‌तास दाबून धरली की त्यांचे फावते. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तर दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या डब्यात ठेवायच्या नाहीत, आणि शेजारणीला तर मुळीच द्यायच्या नाहीत. हे सिस्टर किती वेळा सांगतात!

तर बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या एका मावशींना सिस्टरने दटावले की, पाणपोई दहा पावलांवर असताना दिवसभर पाणी का पीत नाही. मावशी म्हणाल्या, "पाणी पेऊन मंग जाऊ कोठी, ते सांगा पयले."

सिस्टर गप्प बसल्या. आम्हीही. इतकी वर्षे आपण पाणी पाजत होतो आणि ते पाणी जाणार कुठे हा विचार एकाही पुरुष पदाधिकाऱ्याच्या डोक्यात आला नव्हता. सकाळी सहाला घरून निघालेली बाई रात्री आठला घरी पोचेपर्यंत लघवीला जाऊ नये म्हणून तहान मारते. त्यातून उन्हाळी, त्यातून पथरी.

पथरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वस्तीत याबाबत प्रत्येकजण डॉक्टर आहे. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते आपल्याला कोणी सांगू नये. २०२४च्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले, मग यंत्रच बिघडल्याचे निघाले, आणि आपण हसलो. पण २३ मे २०१३चे ४७.९ खरेच होते. अशा दिवसांत अंगातले पाणी घामावाटे जाते, लघवी कमी आणि गडद होते, आणि तिच्यात विरघळलेले क्षार बसायला लागतात. साखरेच्या पाकात पाणी आटले की खडे धरतात, तसेच. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, काही युरिक अ‍ॅसिडचे, काही जुन्या संसर्गातून धरणारे.

लोक बोअरच्या जड पाण्याला दोष देतात. जड पाण्याने खडा होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. कमी पाण्याने होतो, हे मात्र पक्के आहे. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे आपल्या उन्हात प्यायचे पाणी तीन लिटरच्या वरच जाते. मोजत बसायचे नसेल तर रंग पाहा, फिकट असली की ठीक, मोहरीच्या तेलासारखी दिसली की रांजणाकडे चला. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी मात्र किती प्यायचे ते डॉक्टरलाच विचारावे, आमचे ऐकू नये.

दूध बंद करू नका. कॅल्शियमचा खडा म्हणून दूध-दही सोडतात आणि उलटे होते, कारण जेवणातले कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरून ठेवते. तोडायचे असेल तर मीठ तोडा. लोणचे, पापड, आणि सावजीच्या रश्श्यावर वरून घेतलेले मीठ. (सावजी सोडा असे म्हणण्याची या सचिवाची छाती नाही.) लिंबूपाणी चांगले, त्यात सायट्रेट असते आणि ते खडा धरू देत नाही. आपल्या संत्र्यातही असते. कुळथाचे पाणी प्या, तेवढेच पाणी पोटात जाईल, पण त्याने बारा मिलिमीटरचा खडा विरघळेल म्हणून सहा महिने वाट पाहू नका. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो. दहाच्या वरचा क्वचितच. आणि बियरने खडा पडतो हे ज्या पोट्ट्यांनी पसरवले आहे त्यांनी एकदा मंडळात येऊन सिस्टरसमोर सांगावे. दारूने अंगातले पाणी कमीच होते.

सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी की दुखणे थांबले म्हणजे खडा गेला असे नाही. कधी तो नळीत अडकून बसतो, कळ येत नाही, आणि वरची किडनी फुगत जाऊन हळूहळू निकामी होते. कुशीतून जांघेपर्यंत कळ आणि सोबत थंडी-ताप, किंवा लघवी पूर्ण बंद, असे झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मेडिकल किंवा मेयो यांपैकी एक सरकारी रुग्णालय गाठा. औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून आठ-आठ दिवस खाणे हे किडनीला आणखी एक ओझे.

आता डीजेची गोष्ट. खड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रनलिकेत काही दिवस एक बारीक नळी ठेवतात. दोन्ही टोके इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली, म्हणून डबल-जे, डीजे. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला काढावीच लागते. आपल्याच वस्तीतल्या एका तरुणाची अशी नळी टाकली, बरे वाटले, तो कामाला सुरतला गेला आणि विसरला. दवाखान्यातूनही कोणी फोन करून आठवण दिली नाही. दीड वर्षाने परत आला तेव्हा त्या नळीवरच खडे चढले होते. एका ऑपरेशनची तीन झाली. गेल्या शिबिरात डॉक्टरांनी विचारले, "कोणाकोणात डीजे आहे?" तर सगळे हसले. मग दोन हात वर आले, दोघांचीही तारीख उलटून गेली होती.

गणपतीच्या डीजेला मात्र आपल्या वस्तीत एका संध्याकाळी वर्गणी गोळा होते. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी बडग्याच्या पुतळ्याला काय खर्च होतो तो आम्ही पाहतो, आम्हीही त्यात असतो, 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून आम्हीही ओरडतो. तक्रार नाही. पण हाच सचिव मुतारीसाठी वर्गणीचे पुस्तक घेऊन दारात उभा राहिला की लोक पुस्तकाकडे न बघता चपलांकडे बघतात. एका सद्गृहस्थांनी सुचवले की, कामाचे नाव बदला, चांगले दिसत नाही. पथरी झाली तेव्हा त्यांनीच पहाटे चारला मला उठवले होते, तेव्हा शब्द बरोबर आठवला. जाऊ द्या, ते आता रोज तीन तांबे पाणी पितात.

मावशींच्या त्या प्रश्नानंतर तुमच्याच पैशांतून बाजाराच्या मागच्या बोळात महिलांसाठी दोन खोल्यांची मुतारी बांधली. जागा एका दुकानमालकाने दिली, एक पैसा न घेता, आणि भाडेकरूची कुरकुर स्वतः निस्तरली. गवंडीकाकांनी निम्मी मजुरी सोडली. फीत कापायला दीडशे माणसे होती, चहा कमी पडला. पाच महिने ती चालली. मग धुणाऱ्या ताईंचा पगार थकला, पाण्याच्या मोटारीचे बिल थकले, आणि पोळ्यानंतर आम्हाला तिला कुलूप लावावे लागले. बांधायला देणगी मिळते, धुवायला कोणी देत नाही. त्या भाजीवाल्या मावशी परवा पाणपोईच्या रिकाम्या कट्ट्यावर भेटल्या. कुलुपाबद्दल काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागले.

म्हणून यंदा तिन्ही कामे एकत्र मागतो आहोत. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत तीन पाणपोया, प्रत्येकी २१,००० रुपये, म्हणजे ६३,०००. मुतारी उघडून वर्षभर चालवायला दरमहा ७,५०० प्रमाणे ९०,०००, यात ताईंचा पगार, पाणी, वीज, फिनाईल आणि एक बल्ब. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ९ ते १ मंडळाच्या खोलीत मूत्रविकार तपासणी, डॉक्टर विनामूल्य येणार आहेत. लघवीची पट्टी-तपासणी तिथेच होईल, सोनोग्राफी होणार नाही. ते यंत्र वाट्टेल तिथे नेता येत नाही, गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा आहे, दरवेळी कोणीतरी यावरून वाद घालतो. गरजूला चिठ्ठी देऊ, ती घेऊन केंद्रात जायचे. सवलतीचा दर ५०० रुपये, शंभर जणांचे ५०,०००. एकूण २,०३,०००. शिल्लक ३८,४००. कमी पडतात १,६४,६००.

रोख असेल तर संध्याकाळी ७ ते ९ खोलीवर, पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, माझ्याही. खाते क्रमांक व क्यूआर कोड खोलीबाहेरच्या फलकावर. एका सोनोग्राफीचे ५०० किंवा मुतारीच्या एका महिन्याचे ७,५०० असेही देता येतील. पैसे नसतील तर रांजण भरायला पहाटेची एक पाळी द्या. रात्री चार-चार वेळा उठावे लागणारे, लघवीची धार बारीक झालेले साठीपुढचे काका लोकांनी 'वयच झाले' म्हणून घरी बसू नये, प्रोस्टेटची तपासणीही त्याच दिवशी आहे. जुने रिपोर्ट, नळी टाकलेली असल्यास तिचा कागद आणि चालू गोळ्या सोबत आणा. ऑपरेशन लागले तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आपण पाहू, रेशनकार्ड आणि आधार तयार ठेवा. नावनोंदणी सिस्टरकडे, गुरुवारी. फोनवर नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव

ता. क. : मागच्या उन्हाळ्यात पाणपोईचे सात स्टीलचे गिलास साखळीसकट गेले. ज्यांच्याकडे असतील त्यांनी रात्री खोलीच्या पायरीवर ठेवून जावे. कोणी काही विचारणार नाही.