दाखल्याचं विचारलं की सगळे गप्प का होतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत छोट्या शिक्षणगटांवर लेख आला होता, एखाद्या घरात दहा-पंधरा मुलं, एक-दोन ताई, यत्ता नाही, परीक्षा नाही, गणवेश नाही वगैरे. लेख चांगलाच होता. फक्त पालक का बिचकतात त्याची कारणं म्हणून जे लिहिलंय ना, लोक काय म्हणतील ही भीती आणि इंग्लिश मीडियमचा सोस, ते वाचून मला काही राहवेना. माझी मुलगी दोन वर्षं अशाच गटात होती, यंदा काढली. म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, काटछाट करायची तर करा पण शाळेच्या दाखल्याचा भाग तेवढा ठेवा.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. कराडजवळ आमच्या वाडीपासून दोन-अडीच किलोमीटरवर एका जुन्या घराच्या सोप्यात गट भरायचा, अकरा मुलं, सहा ते अकरा वयाची. एकदा तिथलं पन्नास ग्रॅमचं वजन हरवलं. ताईंनी नवीन आणलंच नाही. मुलांनी जुन्या धोतराच्या फडक्यात वाळूच्या दोन पुरचुंड्या बांधल्या, एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरी, चिमूट चिमूट वाळू इकडची तिकडे करत दोन्ही सारख्या केल्या, मग दोन्ही मिळून शंभराच्या वजनासमोर ठेवल्या तर जड भरल्या, परत सोडा, परत बांधा. अर्धी सकाळ त्यातच गेली. माझी लेक त्यातली एक पुरचुंडी घेऊन घरी आली आणि जिऱ्याचा पुडा तोलायला बसली. पुड्यावर ५० ग्रॅम लिहिलेलं आणि वजन प्लास्टिकसकट बरोबर पन्नास भरलं, म्हणजे जिरं कमी आहे असं तिचं म्हणणं. दोन दिवस हाच विषय! हे मला तिसरीत काय, सातवीत पण कुणी शिकवलं नव्हतं.

आणि त्याच महिन्यात नणंदेकडे बारसं होतं. तिथे तिच्याच वयाच्या चुलतभावाने बारापर्यंतचे पाढे धडाधड म्हणून दाखवले आणि कुणीतरी हिला विचारलं, सात आठे किती गं? ही बोटं मोजायला लागली. कितवीत आहेस म्हटल्यावर म्हणते, आम्हाला यत्ता नसते. तर एक आजी म्हणाल्या, म्हणजे अजून बालवाडीतच का बाई? सगळे हसले, मी पण हसले, पण पोटात गोळा आलाच. आता याला लोक काय म्हणतील म्हणायचं तर म्हणा, पण सासूबाईंनीच घरी आल्यावर रोज तिन्हीसांजेला पाढे घेतले आणि तीन आठवड्यांत विषय संपला. तेवढ्यासाठी कुणी मूल गटातून काढत नाही.

खरी अडचण कागदाची आहे.

आम्ही ओबीसी. माझे मिस्टर डिप्लोमाला गेले तेव्हा जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागत होता. घरात जमिनीचे कागद होते पण त्यावर जात नव्हती. शेवटी आजेसासऱ्यांच्या गावच्या शाळेत तीन चकरा मारल्यावर जुन्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांचं नाव सापडलं, जात, जन्मतारीख, आणि शेरा काय तर गुरे राखण्यासाठी शाळा सोडली. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण त्या एका ओळीवर नातवाची व्हॅलिडिटी झाली, ॲडमिशन झालं, आज मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मग मला सांगा, आमच्यासारख्या घरात शाळेच्या रजिस्टरला नाव असणं ही नुसती सवय आहे का? वडिलांची व्हॅलिडिटी आहे म्हणजे मुलीला सोपं जाईल हे मलाही माहितीये, पण पुढे अर्ज करायला तिचा स्वतःचा शाळेचा दाखला मागतातच की. गटात जे आईवडील अगदी निवांत होते त्यातल्या बऱ्याच जणांना या कागदांच्या भानगडीत कधी पडावंच लागलेलं नव्हतं. त्यांच्या धाडसाचं कौतुक आहे, पण ते त्यांना स्वस्तात पडतंय एवढं तरी कुणीतरी लिहायला पाहिजे.

मी ताईंना हे विचारलं. एकदा नाही, तीनदा. दर वेळी उत्तर तेच, मुलाला फुलू द्या, कागदासाठी मूल शाळेत घालणार का तुम्ही? माणूस सोन्यासारखं, पण दाखल्याचं नाव काढलं की आपण त्यांचा अपमानच केलाय असा चेहरा करायच्या. मी पतसंस्थेत काम करते, ठेवीदार व्याज विचारायला आला की त्याला बचतीचं महत्त्व ऐकवून परत पाठवलं तर तो पुन्हा येईल का हो?

आणि उत्तरं होती की, म्हणून तर राग येतो. ती मला कुणी दिली तर आमच्या वाडीच्या झेडपी शाळेच्या गुरुजींनी, पाच मिनिटांत, व्हरांड्यात उभ्याउभ्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात आहे की सहाच्या पुढचं मूल कधीही आलं तरी त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं, आधीच्या शाळेचा दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचं नाही. म्हणजे चौदापर्यंत परतीचा रस्ता उघडा आहे. त्यापुढे मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, एनआयओएस म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, आपल्या राज्याचं मुक्त मंडळ पण आहे, ते पाचवी, आठवी, दहावी घेतं, शिवाय बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. लोकांना वाटतं सतरा नंबर म्हणजे नापासांचा, तसं नाहीये. त्याच कायद्यात बिनमान्यतेची शाळा चालवली तर लाखापर्यंत दंड आणि वर रोजचे दहा हजारापर्यंत असंही आहे, म्हणून हे गट स्वतःला शाळा म्हणवत नाहीत आणि म्हणूनच दाखला देऊ शकत नाहीत. एवढी साधी गोष्ट. पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिली असती तर मी दोन वर्षं रात्री जागून काढली नसती.

लहान आणि वेगळं म्हटलं की मराठी माणूस घाबरतो हे पण मला पटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरवली. आदिवासी आईबापांनी पोरं पाठवलीच ना. फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्याचं अक्षरनंदन, तिथे तर लोक प्रवेशासाठी धडपडतात, कारण शिकवणं वेगळं असलं तरी शेवटी दहावी बोर्डाचीच आहे आणि हातात दाखला पडतो.

जाता जाता एक. गावकऱ्यांची, चालत जाण्याइतकी जवळची, मोजक्या मुलांची शाळा वाडीवस्तीवर आपल्याकडे आधीपासून आहे, तिला झेडपीची शाळा म्हणतात. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या अशा १४ हजारांहून जास्त शाळा होत्या आणि तेव्हाच त्या एकत्र करून समूह शाळा करायची हालचाल सुरू झाली. म्हणजे अकरा मुलांचा गट वाड्यात भरला तर तो प्रयोग, त्यावर पुरवणीत अर्धं पान, आणि अकरा मुलांची झेडपी शाळा असली तर ती परवडत नाही.

तर आमचं असं झालं की जूनमध्ये मुलीचं नाव वाडीच्या शाळेत चौथीला घातलं. शनिवारी दुपारी ती अजून ताईंकडे जाते, ताई थोड्या नाराज आहेत पण येऊ नको म्हणाल्या नाहीत. वाळूची पुरचुंडी तिने गुरुजींना नेऊन दाखवली, त्यांनी ती ऑफिसातल्या कपाटात वजनांच्या पेटीत ठेवलीये. माझ्यापेक्षा गुरुजींनाच जास्त आनंद झालेला दिसला. पट सतराचा अठरा झाला ना.

आपली,
एक पालक, ता. कराड, जि. सातारा