विषाणूचा यजमान कोडॉनच्या तक्त्यावरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा विषाणू आला की तो कोणत्या प्राण्यातून (यजमानातून) आला याची बातमी हमखास येते आणि 'कोडॉनच्या विश्लेषणातून उलगडा' असे तीत अधूनमधून असते. कोडॉन म्हणजे जनुकातला तीन अक्षरांचा शब्द. असा शब्द बहुधा एक अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) सांगतो, आणि एकाच आम्लासाठी अनेक शब्द असू शकतात. जानेवारी २०२० मध्ये करोना विषाणू सापातून आल्याची बातमी जगभर झळकली, ती अशाच एका शोधनिबंधाच्या जोरावर. विषाणूची कोडॉन वापरण्याची ढब मोजक्या प्राण्यांशी ताडून पाहिली, पट्टेरी मण्यार आणि चिनी नाग सर्वांत जवळचे निघाले आणि निष्कर्ष काढून मोकळे झाले. इतर विषाणूतज्ज्ञांनी लगोलग आक्षेप घेतले, पण त्यांना तेवढे मथळे मिळाले नाहीत.

ही आकडेमोड मुळात सोपी आहे. ए, यू (डीएनएत टी), जी, सी या अक्षरांचे तीन-तीनांचे ६४ कोडॉन. त्यांतले तीन 'थांबा' सांगणारे, उरलेले ६१ वीस अमिनो आम्लांसाठी. ल्युसिनला सहा कोडॉन आहेत. एखाद्या जनुकात ६० ल्युसिन असतील तर समान वापरात प्रत्येक कोडॉन १० वेळा यावा. त्यांतला सीयूजी ३० वेळा आला तर त्याचा आरएससीयू (प्रत्यक्ष वापर भागिले अपेक्षित वापर) ३. ई. कोलाय जिवाणूत ल्युसिनसाठी जवळजवळ निम्म्या वेळा सीयूजीच येतो.

घोटाळा होतो तो याच्या पुढे. करोना विषाणूच्या जीनोममध्ये (संपूर्ण जनुकीय मजकुरात) २९,९०३ अक्षरे आहेत आणि जी व सी मिळून फक्त ३८ टक्के. साहजिकच कोडॉनच्या तिसऱ्या जागी ए आणि यू यांची गर्दी होते, यजमान कोणीही असो. मग ज्या प्राण्याचा तक्ता जरा ए-टीकडे झुकलेला, तो आपोआप 'जवळचा' दिसतो. त्यात कमी अभ्यासलेल्या प्राण्यांचे तक्ते मूठभर जनुकांवरून बनवलेले असतात, आणि सर्रास वापरला जाणारा काझुसा हा कोडॉन-तक्त्यांचा संग्रह २००७ नंतर अद्ययावतच झालेला नाही.

एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय सोलापुरातही घेता येण्याजोगा आहे: संगणक हवा, अनुक्रम फुकट मिळतात. पण सुरुवात गाळण्यापासून करावी. अनुक्रमाची लांबी तीनने भागली जाते का, मध्येच 'थांबा' येतो का, ३०० अक्षरांहून लहान जनुके वगळली का, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन (एकेकच कोडॉन!) बाजूला काढले का, हे आधी पाहावे. जिवाणूंसाठी संकेत-तक्ता (कोणता कोडॉन काय सांगतो याची यादी) क्रमांक ११, पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियासाठी २. तिथे यूजीए म्हणजे 'थांबा' नव्हे, ट्रिप्टोफॅन. करोनाचे सर्वांत मोठे जनुक सरळ वाचले तर १३,४८३ व्या अक्षराशी 'थांबा' लागतो आणि पुढचा मोठा भाग हातचा जातो. प्रत्यक्षात रायबोसोम (पेशीतले प्रथिन बनवणारे यंत्र) १३,४६८ व्या अक्षराशी एक पाऊल मागे सरकतो, तेच अक्षर दोनदा वाचतो आणि २१,५५५ पर्यंत जातो. संगणकाला हे सांगावे लागते.

यानंतर ईएनसी, म्हणजे जनुक प्रत्यक्षात किती प्रकारचे कोडॉन वापरते याचे माप. हा आकडा २० ते ६१ मध्ये असतो. जितका कमी, तितका पक्षपात जास्त. पण ४९ किंवा ५० आला म्हणून लगेच 'नैसर्गिक निवड' लिहू नये. तिसऱ्या जागेवरचे जी-सी २८ टक्के असेल तर निव्वळ अक्षररचनेमुळेच अपेक्षित आकडा ५१ च्या आसपास येतो. सूत्र असे: २, अधिक ते प्रमाण, अधिक २९ भागिले (प्रमाणाचा वर्ग अधिक उरलेल्या भागाचा वर्ग). निवडीची शंका घ्यायची ती जनुकाचा बिंदू या सूत्राच्या वक्राच्या बराच खाली पडला तरच.

आपल्या डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा झॅन्थोमोनास हा जिवाणू करोनाच्या उलट टोकाला आहे. त्याच्या जीनोममध्ये जी-सी ६५ टक्क्यांच्या घरात, त्यामुळे तिसऱ्या जागी जी किंवा सी असलेले कोडॉन जिकडेतिकडे. यावरून 'जिवाणूने डाळिंबाशी जुळवून घेतले' असे लिहिणे म्हणजे आकडे न वाचताच निकाल लावणे. त्याच जिवाणूची रायबोसोमी प्रथिनांची (सतत जोरात वापरली जाणारी) जनुके आणि बाकीची जनुके यांची तुलना केली तर काही अर्थपूर्ण हाती लागेल.

कोडॉनचा परिणाम खोटा आहे असे मुळीच नाही. ई. कोलायमध्ये मानवी प्रथिन बनवताना एजीए, एजीजी हे आर्जिनिनचे दुर्मीळ कोडॉन ओळीने आले की उत्पादन अडखळते. म्हणून त्यांचे टीआरएनए (कोडॉन ओळखून अमिनो आम्ल आणणारे रेणू) जादा पुरवणारे ई. कोलायचे वाण बाजारात मिळतात. बीटी कपाशीमागचे कामही याच जातीचे. जिवाणूच्या जनुकात ए-टी फार, वनस्पतीत ते धड चालेना. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात जी-सी ३७ वरून ४९ टक्क्यांवर नेले, तेव्हा कीटकनाशक प्रथिन शंभर पटींपर्यंत वाढले. मात्र संदेश अर्धवट तोडणाऱ्या एएटीएएएसारख्या जागाही त्याच फेरबदलात गेल्या. सगळे श्रेय कोडॉनला देता येत नाही.

'कोडॉनवरून यजमान सापडला' अशी बातमी पुन्हा आली तर किती प्राणी ताडले, प्रत्येकाची किती जनुके होती आणि अक्षररचनेचा वाटा वजा केला का, एवढे विचारून मगच ती छापावी, ही विनंती. यजमान शोधायचा तर प्राण्यांच्या नमुन्यांत जवळचा विषाणूच सापडावा लागतो. करोनाशी सुमारे ९६ टक्के जुळणारा विषाणू सापडला तो वटवाघळात.

आपले,
जैवमाहितीशास्त्राचे काही अध्यापक,
सोलापूर